जरा संथच आहे!

मराठी माणसाचं सिनेमाविषयीचं मत तोलायला वेगळा तराजू लागतो. 'बरा आहे' म्हणजे चांगला आहे. 'चांगला आहे' म्हणजे फारच चांगला आहे. आणि 'एकदा बघायला हरकत नाही' म्हणजे तिकिटाचे पैसे गेल्याचं दुःख अजून ओसरलेलं नाही. 'फोटोग्राफी सुरेख आहे हं' असं कुणी म्हणालं, की समजावं, बाकी काही सांगण्याजोगं नव्हतं. 'सगळ्यांनी कामं छान केली आहेत' हे वाक्य तर शाळेच्या स्नेहसंमेलनातून थेट उचललेलं! थिएटरचा जिना उतरता उतरता, पार्किंगमध्ये स्कूटर शोधता शोधता किंवा दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा उघडताना ही मतं दिली जातात. देणाऱ्याला ती दिल्याचं संध्याकाळपर्यंत आठवतही नाही.

पण सिनेमाचं बरंवाईट ठरतं ते याच मतांवर. १९७५ साली 'शोले' लागला तेव्हा पहिल्या काही दिवसांत धंद्यातल्या जाणत्यांनी त्याची आशा सोडली होती, असं सांगतात. तो तरला तो बघून आलेल्यांच्या तोंडून. १९९१ साली 'माहेरची साडी'ला बायका गटागटाने गेल्या आणि येताना पदराने डोळे पुसत आल्या. २०१६ साली 'सैराट' आला, २०२३ साली 'बाईपण भारी देवा' आला. या शेवटच्या चित्रपटाला नऊवारी नेसून, डोळ्यांवर गॉगल चढवून निघालेल्या मैत्रिणींचे घोळके आपण सगळ्यांनीच पाहिले. त्यांतल्या कितीजणींनी परीक्षण वाचून तिकीट काढलं असेल? शेजारणीने 'जाऊन या गं' म्हटलं, म्हणून त्या गेल्या. समीक्षकाचे साडेतीन तारे एकीकडे आणि शेजारणीचं 'जाऊन या' एकीकडे.

हे झालं पळणाऱ्या सिनेमांचं. पण आपल्या या सहज मतांत एक शब्द असा आहे, की तो उच्चारला की पुढचं बोलणंच खुंटतं. तो शब्द म्हणजे 'संथ'. 'चांगला आहे, पण जरा संथ आहे.' झालं! ऐकणाऱ्याने त्या सिनेमावर मनातल्या मनात फुली मारलेली असते. गेल्या काही काळात मी जे चित्रपट पाहिले, त्यांतल्या निम्म्याअधिकांबद्दल हाच शब्द ऐकला. म्हणून त्याच्याबद्दलच थोडं बोलावं म्हणतो.

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' हा पायल कपाडियाचा चित्रपट २०२४ साली कान महोत्सवात ग्राँ प्री घेऊन आला. त्या महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट निवडला गेला तो तीस वर्षांनी. त्याआधीचा शाजी करुण यांचा 'स्वहम्', १९९४ सालचा. मुंबईच्या इस्पितळातल्या दोन मल्याळी परिचारिका, प्रभा आणि अनू, आणि तिथेच स्वयंपाकाचं काम करणारी रत्नागिरीकडची पार्वती यांची ही गोष्ट. आमच्या ओळखीतल्या एक बाई मोठ्या उत्साहाने गेल्या आणि म्हणाल्या, 'काही घडतच नाही हो त्यात!' मी विचारलं, 'तो कुकर?' त्या म्हणाल्या, 'कुठला कुकर?'

तर त्या कुकरबद्दल. प्रभाचा नवरा जर्मनीत आहे. लग्न झालं, तो गेला, आणि हळूहळू त्याचे फोनही थांबले. एके दिवशी पार्सल येतं. त्यात भात शिजवायचा नवा, लालभडक कुकर. चिठ्ठी नाही, नाव नाही. जर्मनीहून आलाय, एवढंच कळतं. प्रभा तो ठेवून देते. आणि मग एका रात्री, घरात कुणी बघत नसताना, जमिनीवर बसून त्याला मिठी मारते. एक शब्दही नाही. आता याला 'काही घडत नाही' म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. माझ्या मते नवरा-बायकोवरच्या दहा सिनेमांत घडत नाही तेवढं त्या अर्ध्या मिनिटात घडून जातं. चित्रपट शेवटी कोकणच्या किनाऱ्यावर जातो, तिथे समुद्रातून वाचवलेल्या माणसाचा जो स्वप्नवत भाग आहे तो मला फारसा भिडला नाही. ते काव्य जरा ठरवून केल्यासारखं वाटलं. पण पार्वती! वर्षानुवर्षं राहत्या घरातून बिल्डर तिला उठवतो आहे आणि आपण इथे राहत होतो हे सिद्ध करणारा कागद तिच्यापाशी नाही. गिरणगावात ज्यांचे आईवडील राहिले त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. १९८२ च्या संपानंतर अशा किती पार्वत्या ट्रंका उचलून गावी गेल्या, त्यांची मोजदाद कुणी ठेवली आहे?

जाता जाता एक गोष्ट. पार्वतीचं काम करणाऱ्या छाया कदमचं कानमुळे सगळीकडे नाव झालं, चांगलंच झालं. पण 'फॅन्ड्री'तली जब्याची आई आणि 'सैराट'मधली सुमनअक्का बघितलेल्या मराठी प्रेक्षकाला तिचा शोध फ्रान्सला लावावा लागला नव्हता. 'लापता लेडीज'मधली स्टेशनवरची मंजूमाईही तीच. पडद्यावर ती भांडं उचलते तेव्हा त्या भांड्याला वजन असतं. हल्ली हे दुर्मीळ झालंय. सिनेमातल्या बायका रिकाम्या बादल्या इतक्या सहज उचलतात, की नळाला पाणी नसल्याचं लगेच लक्षात येतं!

'थ्री ऑफ अस' मी घरीच पाहिला. २०२३ मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा राहून गेला होता. 'किल्ला'वाल्या अविनाश अरुणचाच हा चित्रपट. शैलजाला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली आहे. सगळं पुसलं जाण्याआधी, लहानपणी काही वर्षं जिथे काढली ते वेंगुर्लं तिला एकदा बघायचं आहे. शेफाली शाह आणि जयदीप अहलावत यांच्याबद्दल सगळेच भरभरून बोलतात. मला मात्र स्वानंद किरकिरेंनी केलेला नवरा जास्त लक्षात राहिला. बायको आपल्या बालपणीच्या मित्राबरोबर गावातून हिंडते आहे आणि हा भला माणूस मागे राहून आपलं काय चुकलं असेल याचा हिशेब मांडतो आहे! नवऱ्यांना असं हळुवारपणे रागवायला शिकवणारा चित्रपट मी तरी फारसा पाहिलेला नाही. खटकलं ते एवढंच, की वेंगुर्ल्याची माणसं त्यात बहुतेक वेळ हिंदीत बोलतात. लाल माती खरी, कौलं खरी, आणि बोली तेवढी उसनी. चित्रपटच हिंदी आहे म्हटल्यावर इलाज नाही, हे कळतं. कानाला कळत नाही.

ती कसर 'दशावतार'ने भरून काढली. २०२५ च्या सप्टेंबरात हा लागला आणि थिएटरं भरली. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर त्यात म्हाताऱ्या, डोळ्यांनी अधू होत चाललेल्या दशावतारी नटाच्या, बाबुली मेस्त्रीच्या भूमिकेत आहेत. बाप-लेकाचा पूर्वार्ध असा रंगलाय, की तो संपूच नये असं वाटत होतं. पुढे गोष्ट खाणवाल्यांवरच्या सूडाकडे वळली आणि माझ्यापुरती थोडी स्वस्त झाली. पण थिएटरात टाळ्या पडत होत्या आणि त्यांत माझ्याही होत्या. टाळ्या वाजवल्या म्हणून मत बदलत नाही, आणि मत वेगळं आहे म्हणून टाळ्या आवरून धरायच्या, हे काही आपल्याला जमत नाही.

त्याच महिन्यात, 'दशावतार'च्या गर्दीच्या शेजारच्याच पडद्यावर, 'साबर बोंडं' होता. त्या दुपारच्या खेळाला आम्ही सगळे मिळून अकरा प्रेक्षक. रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिलाच मोठा चित्रपट. २०२५ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांमधलं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. गोष्ट अशी : मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या अंत्यविधीसाठी आईबरोबर गावी येतो. दहा दिवस राहायचं. हे करायचं, ते करायचं नाही, याची यादी नातेवाईक रोज नव्याने वाचून दाखवतात आणि प्रत्येक यादीच्या शेवटी एकच प्रश्न : लग्न कधी करणार? आनंदला लग्न करायचं नाही, कारण त्याचं मन पुरुषाकडे ओढ घेतं. आईला हे ठाऊक आहे. गावात लहानपणचा सोबती बाळ्या आहे. त्याच्याही मागे लग्नाचा लकडा आहे. वडिलांच्या निधनानंतर गावी काढलेल्या अशाच दिवसांतून ही गोष्ट सुचल्याचं दिग्दर्शकाने सांगितलं आहे.

साबर म्हणजे निवडुंग, आणि बोंडं म्हणजे त्याची लाल फळं. ज्यांनी लहानपणी ती खाल्ली असतील त्यांना ठाऊक असेल, की फळ गोड, पण त्यावरची बारीक कुसळं बोटांत, जिभेत शिरली की दोन दिवस सलत राहतात. दुसऱ्यासाठी ती कुसळं काढून फळ द्यायचं, यात काय काय येतं ते चित्रपट बोलून दाखवत नाही. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा एका जागी ठेवलेला, माणसं त्याच्यासमोर येतात, बसतात, जातात. रडणाऱ्या बायका, चहाचे कप, दूरवर बोलणाऱ्यांचे अर्धवट आवाज. सुतकाच्या घरात वेळ असाच जातो. तिथे घड्याळ चालत नाही, माणसं नुसती बसून असतात. ही गोष्ट भरधाव सांगितली असती तर ती खोटी झाली असती.

बाहेर पडताना पंचाहत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ आपल्या पत्नीला म्हणाले, 'दहाव्यापर्यंतचं सगळं बरोबर दाखवलंय.' मग पाच-सहा पायऱ्या उतरून म्हणाले, 'आई चांगली आहे पण त्याची.' बस्स, एवढंच. मला वाटतं, त्या चित्रपटावर इतकं नेमकं मत मी कुठे वाचलेलं नाही.

आता 'संथ'कडे वळतो. मला कोडं पडतं ते वेगळंच. ज्या पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो, ज्या महाराष्ट्रात विलंबित ख्यालातली एकेक आवर्तनं लोक मांडी न मोडता ऐकत आले, तिथे 'संथ' ही शिवी कधीपासून झाली? बुवा अर्धा-पाऊण तास विलंबित गायले तर 'काय संथ गातात हो' असं कुणी म्हणत नाही. म्हटलंच तर शेजारचा रोखून बघतो. चैतन्य ताम्हाणेच्या 'द डिसायपल'मध्ये शरद नेरुळकर रात्रीच्या मुंबईतून मोटरसायकलवरून जात असतो, गती मंदावलेली, मागे तंबोरा आणि माईंचा आवाज. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. २०२१ च्या एप्रिलमध्ये चित्रपट घरोघरी दिसू लागण्याच्या थोडेच दिवस आधी त्या गेल्या. आमच्या घरातल्या तरुण मंडळींपैकी एकाने तो चित्रपट मोबाईलवर दीडपट वेगाने 'संपवला'. तंबोरा दीडपट! 'बराच वेळ वाचला,' म्हणाला. वाचलेल्या वेळात काय केलंस, हे मी विचारलं नाही. दुसरा चित्रपट दीडपट वेगाने बघितला असणार.

अर्थात प्रत्येक संथ चित्रपट विलंबित नसतो, हेही सांगितलं पाहिजे. काहींना ख्यालच सुचलेला नसतो, नुसता तंबोरा लागलेला असतो. खिडकीतून बाहेर बघणारी नायिका, आकाशातून दिसणारा किल्ला, पुन्हा खिडकी, पुन्हा नायिका. याला कंटाळा म्हणावं आणि निःशंक उठून जावं. फरक ओळखायची माझी खूण साधी आहे. लांबलेल्या दृश्यात माझी नजर पडद्यावर काहीतरी शोधत हिंडते आहे, की घड्याळाकडे जाते आहे? ताम्हाणेचाच 'कोर्ट' घ्या. त्यातली सरकारी वकील बाई दिवसभर एका शाहिराला तुरुंगात ठेवण्यासाठी युक्तिवाद करते, आणि मग लोकलने घरी येते, मुलाला घेते, कणीक मळते. तेवढा वेळ आपण तिच्या स्वयंपाकघरात उभे असतो म्हणून तिचा राग करणं अवघड होऊन बसतं. शेवटी शेवटी कोर्टाला सुटी लागते, दालनातले दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. २०१५ साली मी तो पाहिला तेव्हा चित्रपट संपला असं समजून पुढच्या रांगेतले चौघे उठून पायांनी चपला चाचपू लागले होते. आणि मग न्यायाधीशांची सहल सुरू झाली. चौघे उभ्यानेच बघत राहिले.

अडचण अशी, की पळणाऱ्या सिनेमाला आपलं एखादं 'बरा आहे' चुकून कमी पडलं तरी तो पळतोच. छोट्या सिनेमाला तेवढा अवधी नसतो. त्याला गावात एखाददुसरा खेळ, तोही दुपारी बाराचा नाहीतर रात्री उशिराचा. शुक्रवारी बघून आलेल्याने शनिवारी सांगायचं, ऐकणाऱ्याने रविवारी जायचं. एवढ्यात झालं तर झालं. पुढच्या शुक्रवारी नव्या सिनेमांची रांग दारात उभी असते, आणि रिकाम्या खुर्च्या दाखवून कुणालाही बाजूला करता येतं. अशा वेळी जिन्यावर सहज उच्चारलेलं 'जरा संथच आहे' हे मत राहत नाही, तो निकाल होतो. तसं आम्हा जिना उतरणाऱ्यांना न्यायाधीश कुणी नेमलेलं नाही, पण निकाल लागायचा तो लागतोच.

'साबर बोंडं' बघून आल्यावर माझ्या मावसबहिणीचा फोन आला. 'कसा आहे रे?' मी म्हटलं, 'जेवून जा, खेळ दुपारचा आहे. आणि शेजारी बोलकी मैत्रीण नेऊ नकोस.' 'संथ आहे का?' 'मामांच्या वेळी आपण दहा दिवस वाड्यात होतो, तसा आहे.' ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'जाते उद्याच.' दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, तिसऱ्या दिवशी पाऊस. चौथ्या दिवशी ती गेली तर खिडकीवरच्या मुलाने संगणकात बघून सांगितलं, 'मॅडम, तो काल निघाला.'