इंधन गेले कोठे?

पुण्याहून बेळगाव, हुबळी व तुमकूर या मार्गाने येणारा हमरस्ता बंगळूर शहरात शिरतो, तो पीण्याच्या औद्योगिक वसाहतीजवळून. या वसाहतीतील यंत्रांचे सुटे भाग आणि जवळच्या यशवंतपूर बाजारातील धान्याची पोती शहरभर पोहोचविणाऱ्या छोट्या मालवाहू गाड्यांची तेथे दिवसभर रीघ लागलेली असते. २००५ साली निघालेल्या टाटा एसला लोकांनी ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले. तशा गाड्या आणि त्यांहून थोडे मोठे पिकअप यांच्यावरच हा सारा व्यवहार चालतो.

या गाड्यांच्या मालकांना एक कोडे वारंवार पडते. गाडी तीच, रस्ता तोच, मालही तेवढाच. पण गाडीचे ॲव्हरेज मात्र उतरलेले. समजा, लिटरला १६ किलोमीटर जाणारी गाडी १३ वर आली. महिन्याला २,००० किलोमीटर धाव असेल, तर जेथे १२५ लिटर इंधन पुरत असे, तेथे आता सुमारे १५४ लिटर लागेल. लिटरमागे १०० रुपये धरले, तर हा भुर्दंड २,९०० रुपयांच्या घरात जातो. कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या मालकाला ही रक्कम लहान नव्हे. मिस्त्रीला दोष सापडत नाही. मग संशय येतो तो चालकाचा. तेल काढून विकले असावे, असे मालकाच्या मनात येते आणि वर्षानुवर्षे इमानाने राबलेल्या माणसाची नोकरी व अब्रू दोन्ही पणाला लागतात. म्हणून या प्रश्नाचा उलगडा शांतपणे करावयास हवा.

पहिला प्रश्न असा की, घट खरी आहे काय? २० लिटर इंधन भरताना टाकी एकदा काठोकाठ व एकदा लिटरभर कमी भरली गेली, तर तेवढ्यानेच हिशेबात पाच टक्क्यांची चूक होते. यास्तव एकाच पंपावर, एकाच पद्धतीने टाकी भरून, निदान तीन-चार वेळांची सरासरी काढावी. किलोमीटर दाखविणारे यंत्रही चाकाचे फेरे मोजते, रस्ता मोजीत नाही. झिजलेल्या टायरचा घेर कमी असल्याने तेवढ्याच अंतराला त्याचे फेरे अधिक होतात. नवे टायर घातले की फेरे कमी भरतात आणि तेवढाच प्रवास एक-दोन टक्क्यांनी कमी दिसतो. टायरवर खर्च करूनही ॲव्हरेज उतरले, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते.

दुसरा प्रश्न असा की, बदलले काय? जी गोष्ट पूर्वीही होती, ती नव्या घटीचे कारण होऊ शकत नाही. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे व तेथील हवा सुमारे दहा टक्के विरळ आहे. जुन्या कार्बुरेटरच्या इंजिनांना ती बाधे. तथापि ही उंची काल आली नाही. गर्दीचेही काही अंशी तसेच आहे. टॉमटॉम या डच कंपनीच्या २०२२ च्या मोजणीत बंगळूरच्या मध्यभागी १० किलोमीटर जाण्यास सरासरी २९ मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. उभ्या गाडीचे चालू इंजिन इंधन जाळते आणि अंतर मात्र शून्य कापते. परंतु ही गर्दी रोजचीच असेल, तर तिला दोष देता येणार नाही. नेहमीच्या वाटेवर नवे खोदकाम सुरू झाले असेल, किंवा माल पोहोचविण्याची वेळ सकाळवरून सायंकाळवर गेली असेल, तर मात्र ते कारण खरे.

बदल खुद्द इंधनातही झाला आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या विक्रीचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूर येथेच झाला. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश उष्णताच असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलशी तुलना करता या मिश्रणातील उष्णता सहा-सात टक्क्यांनी, आणि १० टक्के मिश्रणाशी तुलना करता साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी भरते. हे कारण पेट्रोलच्या गाडीलाच लागू पडते. डिझेलच्या गाडीला ही सबब चालणार नाही. शिवाय १६ वरून १३ म्हणजे जवळजवळ १९ टक्क्यांची घट झाली. ती एकट्या इथेनॉलच्या माथी मारता येत नाही.

उरलेली घट गाडीत शोधावयाची. टायरमधील हवा कमी असली की चाक जड फिरते. ब्रेक पूर्ण सुटत नसेल, तर तेवढे एक चाक इतरांहून अधिक तापते. जॅकवर उचलून हाताने फिरविले की ते अडखळते. क्लच घसरत असेल, तर इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही. इंजिन थंड असेतो पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, उघडी राहून अडकली, तर इंजिन पुरेसे तापतच नाही आणि त्याचे नियंत्रण करणारा संगणक थंड इंजिनाला द्यावे तसे जादा पेट्रोल देत राहतो. धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर बिघडला, तरी असेच घडते. यांपैकी काही दोषांनी गाडी बंद पडत नाही, आवाजही करीत नाही. म्हणूनच ते नजरेतून सुटतात. बहुधा एकच मोठे कारण नसते. तीन टक्के येथे, पाच टक्के तेथे, अशी गळती जमत जाते.

या साऱ्यासाठी लागते ती एक साधी वही. तारीख, भरलेले लिटर, किलोमीटरचा आकडा, मालाचे वजन आणि केलेली दुरुस्ती एवढ्या नोंदी तीत असाव्यात. घट हळूहळू झाली, की एका दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवसापासून, हे ती वही सांगते. ती लिहिण्यास सर्वांत योग्य माणूस चालकच होय, कारण चाकाचा जडपणा व क्लचची घसरण प्रथम त्यालाच जाणवते. ज्याला आरोपी ठरवावयास मालक निघालेला असतो, तोच या प्रकरणातील पहिला साक्षीदार असतो. त्याची साक्ष आधी घ्यावी आणि निकाल मोजमापानंतर द्यावा.