दर्शन उतरल्यानंतर

सौंदत्तीच्या यल्लम्माला लहानपणीच सोडलेल्या मुलीचे उतारवय इतर बायकांपेक्षा लवकर सुरू होते. तरुणपण सरले की ठेवणारा पाठ फिरवतो. पदरात मुले, हातात परडी आणि जोगवा उरतो. बेळगाव, निपाणी, गडहिंग्लज या पट्ट्यातल्या अनेक देवदासींच्या वाट्याला हेच आले. गडहिंग्लजला 1975 साली बाबा आढावांच्या पुढाकाराने देवदासी परिषद भरली, आणि कर्नाटकने 1982 साली प्रथाबंदीचा कायदा केला. पण कायद्याने नव्या मुली सोडणे थांबवता येते, चाळिशीतल्या बाईची चूल पेटत नाही.

ते काम घटप्रभेच्या ‘मास’ने अंगावर घेतले. 1997 साली उभी राहिलेली ही संस्था पूर्वाश्रमीच्या देवदासींचीच. बचत गट, शेळ्या-म्हशींसाठी कर्ज, कायद्याची माहिती असा तिचा खाक्या. कब्बूरच्या सीतव्वा जोडट्टी सातव्या वर्षी देवाला सोडल्या गेल्या होत्या. संस्थेच्या कामासाठी त्यांना 2018 साली पद्मश्री मिळाली. गळ्यातली लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, म्हणजे ‘दर्शन’, उतरवायला बाई कचरते, कारण देवीचा कोप होईल ही भीती खरी असते. अशा वेळी बाहेरच्या कार्यकर्त्याच्या भाषणापेक्षा, ते आधीच उतरवून धडधाकट फिरणारी शेजारीण जास्त पटते.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी पुढच्या पिढीची काळजी हे प्रौढ वयाचे मुख्य काम मानले. इथे त्याचा अर्थ रोकडा आहे: आपली मुलगी सोडायची नाही आणि शेजारणीचीही सोडू द्यायची नाही.

या बायकांसाठीचे सरकारी निर्वाह वेतन मात्र देवदासींच्या सरकारी पाहणीच्या यादीत नाव असलेल्यांनाच मिळत आले आहे.