हट्ट नव्हे, हुंदका

गणपती गेले की घर कसं रिकामं रिकामं वाटतं! आपल्या रत्नागिरीकडे तर बाप्पाच्या पाठोपाठ चाकरमानीही मुंबईला परततात. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या ह्यांना गाडीत बसवून मी आणि लेक स्टेशनवरून घरी आलो. लेक तेव्हा दुसरीत. स्टेशनवर हसत टाटा करणाऱ्या त्या पोराने घरी आल्यावर ‘आमटी नको’ म्हणत ताट असं ढकललं, की वाटी कलंडली. दिवसभराच्या दमणुकीने मीही वैतागलेली. दिला एक धपाटा!

रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज आला, ‘‘आई, बाबा गेले की तुझ्या पण पोटात दुखतं?’’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. राग आमटीचा नव्हताच मुळी.

मैत्रिणींनो, मोठ्या माणसाला वाईट वाटलं की ते बोलून मोकळं होतं. लहान मुलाकडे तेवढे शब्द नसतात. मग ते दुःख ताटावर निघतं, धाकट्या बहिणीवर निघतं, नाहीतर पोटदुखी होऊन बसतं. आपण मात्र त्याला ‘हट्ट’ म्हणून मोकळ्या होतो. आणि गंमत म्हणजे, मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला वयाची पंचविशी उजाडते. मग सात वर्षांच्या पोराकडून किती अपेक्षा करायची?

आपल्याच जिल्ह्यातल्या पालगडचे साने गुरुजी. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिलं. पोहायला घाबरून माळ्यावर लपलेल्या श्यामला आईने शिंपटीने झोडपून विहिरीवर पाठवलं, ही गोष्ट आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. पण तो पोहून आल्यावर आईने त्याच्यासाठी दही ठेवलं होतं, त्याला जवळ घेऊन ती बोलली होती, हे आपण विसरतो. मारामुळे भीती जात नाही, फक्त लपते, हे आज आपल्याला कळलंय. तेव्हा शिंपटी राहू दे माळ्यावर. आपण दही तेवढं घेऊया!

म्हणजे काय करायचं? मूल चिडलं की उपदेश आधी नको. ते ओरडत असताना त्याला काही ऐकूच जात नाही. शेजारी बसावं, पाणी द्यावं, जरा शांत झालं की त्याच्या भावनेला नाव द्यावं. ‘‘बाबांची आठवण येते ना रे? म्हणून राग आलाय.’’ नाव मिळालं की मुलाला हायसं वाटतं. मात्र नियम सोडायचा नाही. ‘‘राग येऊ दे, पण ताट ढकलायचं नाही. चल, दोघं मिळून पुसूया.’’ ‘मुलगा असून रडतोस?’ हे वाक्य तर घरातून हद्दपारच करावं. आणि आपलं चुकलं तर सरळ ‘चुकलं माझं’ म्हणावं. त्याने आईपण कमी होत नाही.

आता आमच्याकडे कॅलेंडरवर बाबांच्या येण्याच्या तारखेला लाल गोल असतो. रोज एक दिवस खोडायचा. आठवण येतेच, पण ताटं जागेवर राहतात.

अर्थात सगळंच घरी सुटत नाही. दोन-तीन आठवडे झोप, खाणं, शाळा बिघडलेलीच राहिली, किंवा मूल ‘मला जगायचं नाही’ असं काही बोललं, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. सरकारची ‘टेली मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवाही आहे, दिवसरात्र. आपल्या गावात मनोरुग्णालय असल्याने ‘मनाचा डॉक्टर’ म्हटलं की भुवया उंचावतात. उंचावू देत! तापाला औषध घेतो, तसंच हे.

त्या रात्री मी लेकाला कुशीत घेऊन खरं तेच सांगितलं, ‘‘हो रे, माझ्याही पोटात दुखतं.’’ तो गळ्यात पडून रडला, आणि पाच मिनिटांत गाढ झोपला.