आजीला बाक हवा!

मुलांनो, एक साधा प्रश्न विचारू? तुमची आजी किंवा आजोबा इमारतीच्या खाली शेवटचे कधी उतरले होते? काल? परवा? की गेल्या दिवाळीला? आठवून बघा बरं!

सानपाड्यातल्या कितीतरी घरांत गावाहून आलेले आजी-आजोबा आहेत. गावी दार उघडलं की ओटा, ओट्यापुढे अंगण आणि हाकेच्या अंतरावर शेजारीण. इथे दार उघडलं की जिना नाहीतर लिफ्ट. ‘खाली जाऊन बसू कुठे?’ असं म्हणत आजी घरातच बसते. आणि इथूनच एक दुष्टचक्र सुरू होतं. चालणं कमी झालं की पायांतली ताकद कमी होते. ताकद कमी झाली की पडायची भीती वाटते. भीती वाटली की चालणं आणखी कमी!

हे चक्र औषधाच्या गोळीने तुटत नाही. पण घर आणि रस्ता नीट बांधलेला असेल तर तुटू शकतं. कसं, ते पाहू या.

ड्रायव्हर आणि कंडक्टर

लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून असे. कंडक्टर मात्र तिकिटं फाडत दिवसातून शेकडो पायऱ्या चढे-उतरे. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी या दोघांच्या तब्येतीची तुलना केली आणि १९५३ साली निष्कर्ष छापले. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होता! पुढे इतर अनेक अभ्यासांतूनही हालचालीचा फायदा दिसून आला.

गंमत अशी, की कंडक्टर काही व्यायाम म्हणून जिना चढत नव्हता. त्याचं कामच तसं होतं. आपल्या परिसराचंही असंच असतं. दूध, भाजी, देऊळ, बाग चालत जाण्याजोगी असली की व्यायाम आपोआप होतो. मोठ्यांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटं. आणि तुम्हाला? रोज सरासरी एक तास! तेव्हा हा लेख फक्त आजीसाठी आहे असं समजू नका.

वाट कशी आहे?

सिडकोची स्थापना १९७० साली झाली. नवी मुंबई म्हणजे एकच भलंमोठं शहर न करता लहान-लहान उपनगरांची माळ गुंफायची, प्रत्येकाजवळ शाळा, बाजार आणि रेल्वे स्टेशन असावं, अशी कल्पना होती. सानपाडा हा त्याच माळेतला एक मणी. जुनं सानपाडा गावही त्यातच आहे.

पण नकाशावर बाजार जवळ असून भागत नाही. फुटपाथवर स्कूटर उभी असेल, लादी उखडली असेल, किंवा एका दमात रस्ता ओलांडावा लागत असेल, तर पाच मिनिटांचा बाजारही आजीला लांबच! उलट वाटेत झाडाची सावली आणि टेकायला एक बाक असला, की तीच आजी हळूहळू का होईना, पोहोचते. बाक बसण्यासाठी असतो हे खरं. पण म्हाताऱ्या माणसाला तो चालायला लावतो!

सात घरं, एक अंगण

आता सानपाड्याहून लोकल पकडा आणि चौथ्या स्टेशनवर, बेलापूरला उतरा. तिथल्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात बुटकी घरं रचली. सात-सात घरांच्या मध्ये एक सामाईक अंगण! दारात आलं की समोर माणूस दिसणारच. एकटेपणाही तब्येत बिघडवतो, हे डॉक्टर आता ठासून सांगतात. उंच इमारतीत असं अंगण नसेल. पण जिन्यापाशी चार खुर्च्या मांडायला कोणाची ना आहे?

घरापासून सुरुवात

पडझड बऱ्याचदा घरातच होते. म्हणून आज संध्याकाळी आईबाबांबरोबर एक फेरी मारा. बाथरूमची लादी निसरडी आहे का? भिंतीला धरायला दांडी आहे का? रात्री उठल्यावर दिव्याचं बटण पलंगावरून हाताला लागतं का? पायपुसणं सरकतं का? ही दुरुस्ती फार खर्चाची नाही.

मग रविवारी आजीचा हात धरून म्हणा, ‘आजी, चल गं खाली!’ तिच्या चालीने बाजारापर्यंत जा. घाई करायची नाही हं! गुडघे दुखत असतील तर खुशाल लिफ्टने उतरा. बरोबर वही-पेन्सिल घ्या. ती कुठे थांबली, कुठे अडखळली, कुठे सावली शोधली, ते टिपा. वहीतला हा नकाशा सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना दाखवा. रस्त्याचं काम असेल तर बाबांच्या मदतीने महापालिकेला पत्र लिहा. ‘सुधारणा करा’ असं मोघम लिहू नका. ‘अमुक दुकानासमोर एक बाक हवा’ असं नेमकं लिहा.

एक बाक मिळाला, तर त्यावर कोण कोण येऊन बसतं ते बघाच. आणि हो, आज ना उद्या त्या बाकावर तुम्हालाही बसायचंच आहे!