एअरबॉक्स फुटतो, दुखणं दुसरीकडेच असतं

थंडीत रात्रभर उभी राहिलेली जुनी पोर्श ९११ सकाळी सुरू करताना मागून ‘फट्’ असा एकच आवाज येतो. मग कितीही सेल्फ मारा, इंजिन धरत नाही. धरलंच तर थरथरतं आणि बंद पडतं. बॉशची के-जेट्रॉनिक इंजेक्शन यंत्रणा असलेल्या ९११ गाड्यांचं हे ठरलेलं दुखणं आहे. १९७३ च्या मॉडेल वर्षाच्या मध्यापासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या ९११ टी पासून ते १९८३ च्या ९११ एससी पर्यंत ही यंत्रणा होती. आवाजाबरोबर फुटतो तो इंजिनावरचा काळ्या प्लॅस्टिकचा एअरबॉक्स. या बिघाडाबद्दल ऐकीव माहिती इतकी पसरली आहे, की धडधाकट गाड्यांचीही नको तेवढी चिरफाड होते. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यंत्रणा समजून घेतली तर हा बिघाड टाळता येतो.

आधी हवेचा रस्ता पाहू. फिल्टरमधून आलेली हवा एका गोल धातूच्या प्लेटला उचलते. प्लेट जितकी वर जाईल, तितकं जास्त पेट्रोल फ्यूल डिस्ट्रिब्युटर सहा इंजेक्टरांकडे सोडतो, तेही अखंड धारेनं. मोजलेली हवा पुढे थ्रॉटलमधून एअरबॉक्समध्ये उतरते आणि तिथून सहा नळ्यांनी सहा सिलिंडरांत जाते. ही मोजणी संगणकाशिवाय, यांत्रिक पद्धतीनं होते. प्लेटनं जेवढी हवा मोजली, तेवढ्याच हवेचं पेट्रोल मिळणार. म्हणून प्लेटच्या पुढे कुठेही भेग पडली की न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘लीन’.

सर्वांत पक्का रुजलेला समज असा, की पेट्रोल जास्त झाल्यामुळे बॅकफायर होतं. इथे दोन वेगळे आवाज एकाच नावानं ओळखले जातात आणि घोटाळा होतो. सायलेन्सरमधून येणारे फटाके म्हणजे न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये पेट घेतं. एअरबॉक्स फोडणारा स्फोट हवेच्या वाटेत होतो आणि त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा पेट्रोलची कमतरता असते. लीन मिश्रण सावकाश जळतं. एक्झॉस्ट स्ट्रोक संपत आला आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडू लागला, तरी सिलिंडरमध्ये आग धुमसत राहते. मग ज्योत उलटी फिरते आणि बॉक्समध्ये तरंगणाऱ्या पेट्रोलच्या वाफांना गाठते.

या वाफा बॉक्समध्ये येतात कुठून? थंड इंजिनासाठी एक वेगळा कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह असतो. सेल्फ फिरत असताना तो काही सेकंद थेट बॉक्समध्ये पेट्रोल फवारतो. हा फवारा सहाही नळ्यांकडे सारखा वाटला जात नाही. एखाद्या सिलिंडरला भरपूर मिळतं, तर दुसरा उपाशी राहतो. उपाशी सिलिंडरनं ज्योत मागे फेकली की भरलेला बॉक्स पेटतो. एससीच्या नंतरच्या वर्षांत पोर्शनं या फवाऱ्याची वाटणी नीट व्हावी म्हणून बॉक्सच्या आत वेगळा भाग बसवला. उगम कुठे होता, हे कारखान्यानंच ओळखलं होतं, असं यातून दिसतं.

“सुरू होत नसेल तर थोडी रेस दे,” हा सल्ला कार्ब्युरेटरच्या काळातला. कार्ब्युरेटरमध्ये पेडल दाबलं की पंप पेट्रोलची पिचकारी मारतो, त्यामुळे तिथे तो लागू पडतो. के-जेट्रॉनिकमध्ये असा पंपच नाही. कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्हचा फवारा ठरलेला असतो. पेडल दाबून थ्रॉटल उघडला की त्यात नुसती हवा वाढते आणि मिश्रण आणखी पातळ होतं. थंड इंजिन सुरू करताना पाय पेडलपासून लांब ठेवावा. लागणारी जादा हवा ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्ह आपणहून देतो.

एअरबॉक्स फुटलाय, हे वरवर पाहून कळत नाही. बॉक्स दोन अर्धे भाग जोडून बनवलेला असतो आणि तो बऱ्याचदा या सांध्यालाच उकलतो. भेग केसासारखी बारीक असते आणि प्लॅस्टिक परत मिटून बसतं. टॉर्च मारून, बोटानं कड दाबत गेलं की एखाद्या ठिकाणी ती किंचित उघडते. कडेला काजळी किंवा पेट्रोलचा ओला डाग दिसला तर शंका उरत नाही. इंजिन कसंबसं चालत असेल तर सोपी चाचणी म्हणजे ऑइल भरण्याचं झाकण उघडणं. या इंजिनात क्रँककेसची हवा इनटेकला जोडलेली असते, त्यामुळे निरोगी इंजिन झाकण उघडताच अडखळतं किंवा बंद पडतं. काहीच फरक पडला नाही, तर हवा आधीच दुसरीकडून आत येते आहे, असं धरून शोध घ्यावा. नेमकी जागा धुराच्या चाचणीनं सापडते. हवेच्या वाटेत ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारून बघणं मात्र धोक्याचं आहे. ज्या स्फोटानं बॉक्स गेला, त्यालाच ते पुन्हा बोलावणं आहे आणि इंजिनखोलीत आग लागू शकते.

भेग चिकटवून भागतं का? इपॉक्सीनं घरापर्यंत पोचता येईल. पण वर्षानुवर्षं तेल आणि पेट्रोलच्या वाफा मुरलेल्या, दररोज तापून गार होणाऱ्या प्लॅस्टिकवर चिकटवलेल्या जोडाचा भरवसा धरू नये. साध्या सिलिकॉन सीलंटला तर पेट्रोल सहनच होत नाही. नवा बॉक्स घालणंच शहाणपणाचं.

त्यासाठी पूर्ण इंजिन उतरवावंच लागतं, हाही अर्धवट समज आहे. इंजिन गाडीत ठेवून काम करणारे मेकॅनिक आहेत, फक्त खालच्या बाजूच्या नटांपर्यंत हात पोचवताना त्यांचा कस लागतो. बरेच जण इंजिन थोडंसं खाली घेतात आणि जागा करतात. एवढं उघडलंच आहे, तर नळ्यांचे रबरी स्लीव्ह, इंजेक्टरांच्या ओ-रिंग आणि इनटेक गॅस्केट बदलून टाकावीत. जुन्या कडक रबरामुळे नवा बॉक्सही हवा चोरेल.

आता पॉप-ऑफ व्हॉल्व्ह. बॉक्सला भोक पाडून बसवायचा हा स्प्रिंगचा छोटा झडपदरवाजा. आत दाब वाढला की तो उघडतो, दाब सोडतो आणि परत मिटतो. बॉक्सच्या किमतीच्या मानानं तो किरकोळ खर्चाचा आहे आणि प्रत्येक के-जेट्रॉनिक ९११ मध्ये तो असायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. पण तो बसवला म्हणजे बॅकफायर थांबलं, असं होत नाही. स्फोट होईल, फक्त बॉक्स वाचेल. शिवाय झडप नीट बसली नाही तर तीच हवागळती होते. शक्य तर नव्या बॉक्सला तो इंजिनावर चढवण्याआधी, टेबलावरच बसवावा. गाडीतच करायचं असेल तर भोक पाडणाऱ्या होल-सॉला ग्रीस लावावं, म्हणजे प्लॅस्टिकचा कीस त्याला चिकटतो. उरलेला व्हॅक्यूमनं काढावा. एखादा तुकडा आत राहिला तर सिलिंडरपर्यंत जाऊ शकतो किंवा झडपेत अडकून ती उघडी ठेवतो. कडा घासून, पुसून, मगच इपॉक्सी लावावी आणि ती पूर्ण वाळेपर्यंत सेल्फला हात लावू नये.

“ही यंत्रणाच भिकार, कार्ब्युरेटर बसवा,” असंही सांगितलं जातं. हीच के-जेट्रॉनिक व्होल्वो २४०, पहिली गोल्फ जीटीआय आणि फेरारी ३०८ जीटीबीआय यांतही होती. ९११ एससीचे कॅमशाफ्ट आणि पिस्टन याच यंत्रणेला जुळवून घडवलेले आहेत. नुसते कार्ब्युरेटर चढवून इंजिनाचा स्वभाव बदलत नाही, आणि बॅकफायर तर कार्ब्युरेटरलाही होतं.

नवा बॉक्स बसला की काम संपलं असं समजून गाडी परत देणारे खूप. बॉक्स हा परिणाम होता, कारण अजून जागेवरच असतं. म्हणून चावी फिरवण्याआधी डिस्ट्रिब्युटर कॅपला तडा आहे का, प्लगच्या वायरी १-६-२-४-३-५ या फायरिंग ऑर्डरनंच लावल्या आहेत का, हे पाहावं. कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह खरोखर फवारतो की नाही, तेही तपासावं. मग गेज लावून कंट्रोल प्रेशर, म्हणजे प्लेटच्या वर जाण्याला विरोध करणारा पेट्रोलचा दाब, मोजावं, थंड इंजिनावर एकदा आणि तापल्यावर पुन्हा. थंड असताना हे प्रेशर त्या तापमानाच्या तक्त्यापेक्षा जास्त आलं, तर मिश्रण लीन आहे आणि दोष हा दाब ठरवणाऱ्या वॉर्म-अप रेग्युलेटरकडे शोधायचा. मिश्रणाचा स्क्रू सर्वांत शेवटी, गळती आणि प्रेशर दोन्ही ठीक ठरल्यावरच फिरवावा.