दादांबरोबर बंदर पाहिले

आपण मुंबईत राहतो, मुंबईत राबतो, पण मुंबई पाहतो का? हा प्रश्न मला परवापरवापर्यंत कधी पडला नव्हता. फोर्टातल्या एका कचेरीत मी बावीस वर्षे कारकुनी करतो आहे. रोज व्ही.टी.ला, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचे, घड्याळाकडे पाहत कचेरी गाठायची आणि संध्याकाळी तीच धावपळ उलट्या दिशेने करायची. रविवारी विहारातली बैठक, वाचनालय आणि जयंती मंडळाचे हिशेब. बी.कॉम. झालेला माणूस वस्तीत असला की सगळे हिशेब त्याच्याच गळ्यात पडतात.

वाचनालय आम्ही दोघे मिळून चालवत होतो, मी आणि आमचे दादा. दादा माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. चौतीस वर्षे त्यांनी गोदीत काम केले. बंदराचे नाव कागदोपत्री कितीही बदलले तरी त्यांच्या तोंडी ते ‘बीपीटी’च. गेल्या वीस वर्षांत त्यांनी मला कितीतरी वेळा म्हटले असेल, ‘‘एकदा निवांत बंदर बघायला जाऊ या.’’ आणि दर वेळी माझे उत्तर ठरलेले, ‘‘दादा, फिरायला वेळ कुठे आहे? इतकी कामे पडली आहेत.’’ फिरणे ही पैसेवाल्यांची चैन, कार्यकर्त्याने ती करू नये, असे माझे मत होते.

दादा निवृत्त झाले. वडाळ्याची खोली नोकरीबरोबरची, ती सोडावी लागली. महिनाअखेरीस ते नाशिकला मुलीकडे जाणार होते. एका संध्याकाळी वाचनालयाच्या किल्ल्या माझ्या हातात देऊन ते निघाले. त्या दिवशी मात्र ‘बंदर बघायला जाऊ या’ असे ते म्हणाले नाहीत. तेच मला लागले. मी त्यांना जिन्यात गाठले आणि म्हटले, ‘‘दादा, या रविवारी जायचं.’’

रविवारी सकाळी नऊला आम्ही स्टेशनाबाहेर भेटलो. ‘‘जयभीम, कारकूनसाहेब! आज मस्टरवर सही नाही ना?’’ दादा हसत म्हणाले. रस्त्याला गर्दी नव्हती. सिद्धार्थ महाविद्यालयासमोर आम्ही थांबलो. १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली हे महाविद्यालय सुरू केले. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून सकाळी वर्ग भरवण्याची सोय केली. मीही तिथलाच विद्यार्थी. इतकी वर्षे रोज तिथून जातो, पण मान वर करून ती इमारत मी त्या दिवशी पाहिली.

तिथून टाउन हॉल. ही इमारत १८३३ साली पुरी झाली. समोर तीस पायऱ्या आहेत. दादांचा गुडघा दुखतो, म्हणून आम्ही मधल्या पायरीवर बसलो. गोदीच्या दिशेने हात करून दादांनी वडिलांची गोष्ट सांगितली.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. दुसरे महायुद्ध चालू होते. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज लागले होते. त्यात दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. जहाजाला आग लागली आणि दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे गेली. आग विझवायला गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान मरण पावले. त्यांच्या आठवणीसाठी आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

दादांचे वडील तेव्हा विशीतले, त्याच गोदीत माल वाहणारे. ‘‘बाबासाहेबांचा वाढदिवस म्हणून बापानं खाडा केला होता,’’ दादा म्हणाले. ‘‘मुकादमानं दिवसाची मजुरी कापली. बाप मरेपर्यंत सांगायचा, त्या एका खाड्यानं आपलं घर राहिलं. त्याच्या टोळीतले बाकीचे मात्र कामावर होते.’’ यावर मी काही बोललो नाही. थोडा वेळ आम्ही तसेच बसून राहिलो.

हॉर्निमन सर्कलजवळ झाडाच्या सावलीत डबा उघडला. बायकोने भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी दिली होती. पोटभर जेवून रमतगमत आम्ही वस्तुसंग्रहालयाकडे निघालो. पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. फाटकापाशी दादा थबकले. चप्पल पुसली, शर्ट नीट केला आणि हळूच म्हणाले, ‘‘आपल्याला सोडतील ना आत?’’ चौतीस वर्षे या शहराचा माल ज्या माणसाने वाहिला, त्याने हे विचारावे! ‘‘तिकीट काढलंय दादा,’’ एवढेच मी म्हणालो.

आत एका दगडापाशी आम्ही बराच वेळ उभे राहिलो. तुटलेला तुकडा, त्यावर ब्राह्मी लिपीतल्या काही ओळी. हा सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग आहे. तो १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याला मिळाला. सोपारा म्हणजे आपल्या लोकलमार्गावरचे नालासोपारा. दोन हजार वर्षांपूर्वी ते या किनाऱ्यावरचे मोठे बंदर होते. त्याच वर्षी त्यांनी तिथला स्तूपही खणला. त्यात सापडलेले धातुकरंडक एशियाटिक सोसायटीने जतन करून ठेवले आहेत. म्हणजे सकाळी ज्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो होतो, तिथेच!

‘‘काय लिहिलंय यात?’’ दादांनी विचारले. वाचनालयातल्या पुस्तकात मी वाचले होते, ते सांगितले. पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी फिरायला जात. अशोकाने राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर ती रीत मोडली. तो बोधिवृक्षाच्या ठिकाणी गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत श्रमणांना आणि वडीलधाऱ्यांना भेटायचे, दान द्यायचे, गावोगावच्या लोकांना भेटून त्यांच्याशी बोलायचे.

‘‘म्हणजे राजासुद्धा फिरायला जायचा,’’ दादा म्हणाले, ‘‘आणि म्हाताऱ्या माणसांना भेटायचा.’’

दादा सहज बोलले. मला मात्र माझी वीस वर्षांची उत्तरे आठवली. फिरायला वेळ नाही असे मी कोणाला सांगत आलो? ज्यांना भेटायला हवे, त्यांनाच!

चारच्या सुमारास गेटवेला पोचलो. इंग्रजांचा राजा पंचम जॉर्ज १९११ साली इथे उतरला, त्याची आठवण म्हणून हे बांधले. काम पुरे होऊन ते खुले झाले १९२४ साली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून निघून गेली. ‘‘म्हणजे यायला दार नव्हतं, जायला मात्र होतं,’’ दादा म्हणाले आणि शेजारी उभे असलेले एक कुटुंबही हसले.

मग आम्ही बंदराची फेरी मारणाऱ्या लाँचमध्ये बसलो. चौतीस वर्षे जहाजे भरणारा-उतरवणारा हा माणूस पाण्यावर पहिल्यांदाच बसत होता! पलीकडे न्हावाशेवाच्या उंच क्रेन दिसत होत्या. ते बंदर १९८९ साली सुरू झाले, मोठमोठे कंटेनर तिकडे गेले आणि मुंबईच्या गोदीतले हातांचे काम कमी होत गेले. दादांनी उत्तरेकडे बोट दाखवले, ‘‘ती टोकं दिसतात ना, तिथं माझी शेड.’’ एवढे म्हणून ते बराच वेळ तिकडेच पाहत राहिले.

मी त्यांना म्हटले, ‘‘दादा, १९१३ साली बाबासाहेब याच मुंबईतून समुद्रमार्गे अमेरिकेला शिकायला गेले. १९१७ साली ते परतले, तेव्हा त्यांची पुस्तके दुसऱ्या जहाजाने येत होती. महायुद्धात ते जहाज बुडवलं गेलं.’’

‘‘सगळी बुडाली?’’

‘‘हो. नंतर त्यांनी पुन्हा जमवली. इतकी, की दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठीच.’’

दादा म्हणाले, ‘‘मग आपल्या वाचनालयाची छपराची गळती पावसाआधी काढून घे.’’

परतीच्या गाडीत मी त्यांना विनंती केली. उन्हाळ्याच्या सुटीत वाचनालयाच्या मुलांना मी हीच सहल घडवतो, तुम्ही नाशिकहून या. ते म्हणाले, ‘‘येईन. दगडाचं तू सांग, गोदीचं मी सांगतो.’’

वाचकहो, ही सहल कोणालाही जमण्यासारखी आहे. डबा आणि पाणी घरून घ्या. संग्रहालयाच्या तिकिटाचे दर आणि मुलांची सवलत आधी विचारून ठेवा. घारापुरीला जाणार असाल तर लेणी सोमवारी बंद असतात आणि पावसाळ्यात लाँचचा भरवसा नसतो. लाँचमध्ये जीवरक्षक जाकीट घाला. डिसेंबर २०२४ मध्ये याच पाण्यात लाँचला अपघात होऊन माणसे गेली आहेत.

आणि नुसती मुलेच नेऊ नका. घरातले, शेजारचे एखादे म्हातारे माणूस बरोबर घ्या. गिरणीत, गोदीत, रेल्वेत ज्यांनी जन्म घालवला, त्यांना या शहराची ती माहिती आहे जी कुठल्या पाटीवर लिहिलेली नाही. ते गाव सोडून जाण्याआधी, जग सोडून जाण्याआधी ती ऐकून घ्या. मी वीस वर्षे उशीर केला. तुम्ही करू नका.

जयभीम!