चांद दिसल्याची खबर आणि पुण्याचा रेडिओ

एकोणतिसाव्या रोजाची संध्याकाळ. इफ्तार आटोपतो, मगरिबची नमाज होते आणि मोमीनपुऱ्यापासून कोंढव्यापर्यंत नजरा पश्चिमेकडे लागतात. उद्या ईद की तिसावा रोजा? ढग असले तर आभाळ उत्तर देत नाही. आज हे उत्तर मोबाइलवर येते. कधी खरे, कधी नुसती अफवा. एका पिढीपूर्वी त्यासाठी रेडिओला कान लावून बसत. बातम्यांत चांद दिसल्याचे सांगितले, की घरोघरी शिरखुर्म्याची तयारी सुरू होई.

मुंबईचे रेडिओ केंद्र १९२७ मध्ये एका खासगी कंपनीने सुरू केले. पुण्याला स्वतःचे केंद्र मिळाले ते २ ऑक्टोबर १९५३ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी. सगळ्यांना आठवते ते १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला सुरू झालेले 'गीतरामायण'. केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत. वर्षभर दर आठवड्याला एक, अशी ५६ गाणी झाली.

पण रेडिओ नुसता गाणारा नव्हता, तो बोलणारा होता. भाषणे, संवाद, श्रुतिका, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम, बातम्या यांतून तो घरातला माणूस झाला. १९४० च्या दशकात ऑल इंडिया रेडिओचे प्रमुखपद पतरस बुखारी या उर्दूतील विनोदी लेखकाकडे होते. मंटो आणि कृष्ण चंदर दिल्ली केंद्रात काम करीत. पुढे पुणे केंद्रात मराठीचे लाडके विनोदी लेखक पु. ल. देशपांडे आले, आणि ग्रामीण कार्यक्रम व्यंकटेश माडगूळकरांनी अनेक वर्षे सांभाळले. उर्दू असो वा मराठी, बोलका रेडिओ उभा करायला बोलीचा कान असलेले लेखकच लागले.

रेडिओवर बोलणे दिसते तितके सोपे नसते. भाषण आधी लिहून द्यायचे, ठरलेल्या मिनिटांत बसवायचे आणि कागदावरून वाचतानाही समोरच्याशी बोलतो आहोत असे वाटले पाहिजे. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटून पाहता येत नाही. म्हणून वाक्य लहान, शब्द ओळखीचा. मोठमोठ्या विद्वानांना या शिस्तीने साधे बोलायला लावले.

ऐकण्याचीही एक रीत होती. रेडिओ ठेवायला परवाना लागे आणि त्याचे शुल्क दरवर्षी पोस्टात भरावे लागे. संच महाग, त्यामुळे एका घरचा रेडिओ सगळ्या वाड्याचा असे. हॉटेलात चहा पिणारा, दुकानात शिवणयंत्र चालवणारा, सगळे एकच बातमी एकाच वेळी ऐकत. ती ऐकायला जात-धर्म विचारला जात नव्हता.

पुढे खासगी एफएम आले. गाणी वाढली, गप्पाही वाढल्या. पण खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. त्यामुळे शहराची बातमी रेडिओवरून सांगण्याचे काम आकाशवाणीकडेच राहिले. पुणे केंद्राची ७९२ किलोहर्ट्झची मध्यम लहर डोंगर ओलांडून दूरच्या गावांपर्यंत जाते. एफएमची लहर डोंगराआड अडते. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा निर्णय झाला, तेव्हा पुणेकरांनी आवाज उठवला. निर्णयाला स्थगिती मिळाली. गाण्यांचा वाद नव्हता. आपली बातमी आपल्या गावातून कोणी सांगायची, हा प्रश्न होता. विद्यापीठाची १०७.४ वरची 'विद्यावाणी' हा बोलक्या रेडिओचा दुसरा धागा. विद्यार्थी आणि अध्यापक तिथे आपल्याच परिसराशी बोलतात.

चांदच्या बाबतीत एक जुना नियम आहे. 'दिसला' एवढे म्हणून भागत नाही. कोणी पाहिला, कुठे पाहिला, साक्षीदार भरवशाचा आहे का, हे विचारल्याशिवाय समिती ईद जाहीर करीत नाही. बातमीचाही नियम तोच. दहा मोबाइलवर दहा चांद उगवतात तेव्हा, विचारून, पारखून मगच बोलणारा एक आवाज गावात असावा लागतो. पुण्याने तो सत्तर वर्षांपूर्वी मिळवला आणि परवा जाता जाता राखला. पुढेही राखायचा, तर तो ऐकणारे कानही हवेत.